लिलावातला डोळा

पार्सल उघडणाऱ्या माणसाचं तोंड मी बघत बसते. खोड वाईट आहे, कबूल. पण कुरिअरच्या काउंटरमागे दिवसभर बसणाऱ्या बाईनं दुसरं बघायचं तरी काय? त्यातून लिलावाच्या साइटवरून मागवलेलं पार्सल असेल तर गिऱ्हाईक घरी जाईपर्यंत दम धरत नाही. माझीच कात्री मागून घेतात, तिथंच टराटरा फाडतात. आधी तोंड फुलतं, मग वस्तू हातात फिरवता फिरवता हळूहळू उतरतं. फोटोत झळकणारी पितळी दुर्बीण पत्र्याची निघते. 'शंभर वर्षं जुन्या' डबीच्या तळाला कालपरवाच्या कारखान्याचं लेबल अर्धवट खरवडलेलं असतं. मग माणूस माझ्याकडे बघून उगाच हसतो आणि म्हणतो, "चांगली आहे, नाही?" मी म्हणते, "छानच आहे." जखमेवर मीठ कशाला चोळायचं?

घरी तरी काय वेगळं आहे? आमच्या ह्यांनी एकदा जहाजावरचा म्हणून एक कंदील घेतला. तेवढ्यात फ्रिज आला असता. कंदील पेटत नाही, पेटला तर विझत नाही, आणि त्याच्या पोटात मेलेल्या माश्या आहेत, त्याही बहुधा जहाजावरच्याच. "हौसेला मोल नसतं," हे म्हणतात. मोल असतं, फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तरी पगारातून जातं.

सांगायचा मुद्दा, या साइटवरच्या विक्रेत्यांच्या लबाड्या मला पाठ आहेत. म्हणूनच दादांची गोष्ट माझ्या पदरात पडली.

दादा आमच्या बोळाच्या टोकाला बसतात. इस्पितळाच्या मागच्या दारासमोर आमची इमारत, तळमजल्यावर अरुंद बोळ, बोळाच्या तोंडाशी माझं काउंटर आणि पार शेवटी त्यांची खोली. खोलीला एकच मोठी खिडकी आहे. तिच्यातून ऊन कधी येत नाही, उजेड मात्र दिवसभर सारखा असतो. त्या खिडकीशी दोन खुर्च्या समोरासमोर, इतक्या जवळ की बसणाऱ्यांचे गुडघे एकमेकांना लागावेत. बाजूला टेबल, रंगाच्या लहान लहान बाटल्या, पॉलिशचं चाक, आणि कापूस अंथरलेले खण. दादा डोळे बनवतात. आजारात, अपघातात ज्यांचा डोळा गेला, त्यांच्यासाठी खोटे डोळे.

त्यांच्या कामाची रीत अशी. आधी डोळ्याच्या खोबणीचा साचा घ्यायचा, त्यावरून अॅक्रिलिकची पांढरी वाटी करायची. लाल रेशमाचे तंतू सुईनं पिंजून त्या पांढऱ्यावर शिरा म्हणून बसवायचे. आणि मग गिऱ्हाइकाला खिडकीशी बसवून, त्याच्या चांगल्या डोळ्यात बघत बघत, बुबुळ रंगवायचं. अख्खी दुपार जाते. फोटोवरून करा म्हटलं तर ते करत नाहीत. "फोटोत डोळा थांबलेला असतो," ते म्हणतात. आठवणीतून एक ठिपकाही द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. समोर बसलेल्या माणसाचा डोळा बघायचा, तोच काढायचा.

स्वभावानं माणूस मिश्कील. मला ते 'पार्सल' म्हणतात. "काय गं पार्सल, आज कुणाचं तोंड उतरलं?" असं सकाळी कुलूप उघडता उघडता विचारतात. बिलं थकली की म्हणतात, "माझी गिऱ्हाइकं बिलाकडे काणाडोळा करणारच, त्यांचा तो हक्कच आहे." बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. चहा मात्र माझ्याच थर्मासमधला प्यायचा आणि त्याला नावं ठेवायची, हे रोजचं.

या धंद्यात ते आले ते त्यांच्या ताईमुळे. ताई त्यांच्याहून मोठी. लहानपणी तापात तिचा डावा डोळा गेला. त्या काळी दुकानात तयार काचेचे डोळे मिळायचे, बुटांसारखे, दोन-तीन मापांत. ताईला बसवला तो राखाडी रंगाचा होता, तिचा खरा डोळा चहाच्या रंगाचा. तो राखाडी डोळा हलायचा नाही, मिटल्यावरही थोडा उघडा राहायचा. शाळेतली पोरं तिच्याजवळ बसायला घाबरायची. धाकटा भाऊ तेवढा समोर बसून जेवायचा. मोठा झाल्यावर त्यानं दूरच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे जाऊन हे काम शिकून घेतलं, आणि मनासारखा झालेला पहिला डोळा ताईला बसवला. त्यानंतर तिचे सगळे डोळे त्यांनीच केले. असा डोळा काही वर्षांनी नवा करावा लागतो, त्यामुळे ताई आली, खिडकीशी बसली, दुपारभर भावाच्या तोंडाकडे बघत राहिली, असं कैक वेळा झालं. दादा म्हणायचे, "आम्ही एरवी फारसं बोलायचो नाही. जे काय बोललो ते त्या खुर्चीत."

हे मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. मी इथं काउंटर टाकलं तोवर ताईंचं येणं बंद झालं होतं. त्या दुसऱ्या शहरात एकट्या राहायच्या, भाड्याच्या खोलीत, शिवणकाम करून. बसनं अर्ध्या दिवसाचा रस्ता. बहीण-भावात काहीतरी बिनसलेलं होतं, आणि दादा त्यावर बोलत नसत.

मग गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. घरमालकाचा निरोप उशिरा आला. दादा पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं, खोली धुऊन काढली होती, सामान भंगारवाल्यानं उचललं होतं. ताई गेल्या त्या इस्पितळात चौकशी केली तर तिथल्या बाईनं सांगितलं, रात्री डोळा काढून वाटीत ठेवला असेल, पुढचं आम्हाला माहीत नाही. दादा दुसऱ्या दिवशी परत आले आणि खिडकीशी कामाला बसले. मला वाटलं, सावरले.

पंधरवड्यानं एक शिक्षिका परत आल्या. त्यांना नवा डोळा दिला होता. बिचाऱ्या फार अवघडून माझ्याकडे आधी आल्या. "तुम्ही ओळखता ना त्यांना? कसं सांगू? घरची मंडळी म्हणतात, हा डोळा दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो." मी बघितलं. बाईंचा खरा डोळा काळाभोर, जवळून बघितलं तरी बाहुली कुठं संपते कळू नये असा. आणि दुसरा चहाच्या रंगाचा, बाहुलीभोवती मधाळ कडं आणि खाली एका बाजूला तपकिरी ठिपका. सुंदर होता. पण त्यांचा नव्हता.

दादांनी माफी मागितली, पुन्हा बसवलं, पुन्हा काढला. तोही तसाच. मग एक ट्रकड्रायव्हर होता, त्याचे डोळे हिरवट. त्यालाही चहाचा रंग, मधाळ कडं आणि तो ठिपका. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, आरशात बघतो तर कुणीतरी बाई माझ्याकडे बघतेय असं वाटतं हो." हसत म्हणाला, पण डोळा घेऊन गेला नाही. दादांनी रंग बदलले. कुंचले बदलले. चष्म्याचा नंबर तपासून आले. समोरच्याच्या डोळ्यात टक लावून बघायचे, हात चालवायचे, आणि संध्याकाळी जे तयार व्हायचं ते बघून स्वतःच खुर्ची मागे सरकवायचे.

एकदा चहा घेऊन गेले तर त्यांनी फुकट गेलेले सगळे डोळे खणातल्या कापसावर ओळीनं मांडले होते. माणसं वेगळी, मापं वेगळी, आणि ओळीनं एकच बाई बघत होती.

"ताई?" मी विचारलं.

त्यांनी 'हो' म्हणून मान हलवली. त्या दिवशी पहिल्यांदा भांडणाचं बोलले.

शेवटच्या वेळी ताई आल्या तेव्हा म्हातारपण आलं होतं. उतारवयात माणसाच्या बुबुळाभोवती एक फिकट, दुधट कडं येतं. ताईंच्या चांगल्या डोळ्याला ते आलं होतं. दादांनी डोळा काढला, बसवला, आरसा हातात दिला. ताईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "हा कुणाचा?" कारण त्यात दुधट कडं नव्हतंच. भावानं तीस-पस्तिशीतल्या ताईचा डोळा काढला होता. "तू मला बघतच नाहीस," ताई म्हणाल्या. "समोर मी बसलेय आणि तू आठवणीतून काढतोस. बघून काढ." आता ज्या माणसानं जन्मभर 'आठवणीतून एक ठिपका नाही' म्हणून मिरवलं, त्याला हे ऐकवलं तर काय होणार? दादा तडकले. म्हणाले, माझ्या कामात खोट काढायची असेल तर दुसरीकडे जा. ताई म्हणाल्या, जाते, तिथंच करून घेते. तोच डोळा घालून उठल्या, गेल्या, आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. यांनीही बोलावलं नाही. आज बोलावू, उद्या बोलावू. वेळ असतोच, असं आपण सगळे समजतो.

"खरं बोलत होती ती," दादा म्हणाले. "मी बघितलंच नव्हतं. मला ती म्हातारी झालेली बघायची नव्हती." मग त्यांनी खण आत ढकलला. "पार्सल, मला एकच कळायला हवं. जाताना तिच्याजवळ कुणाचा डोळा होता? माझा, की दुसऱ्या कुणाचा? माझा काढून टाकला असेल तर टाकला. पण कळायला हवं."

कुणाला विचारणार? वाटी विसळली गेली होती, सामान भंगारात गेलं होतं. मी म्हटलं, "दादा, नका उकरत बसू." त्यांनी चहाला नावं ठेवली नाहीत, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

त्यानंतर काही दिवसांनी जेवताना आमच्या ह्यांनी फोन माझ्यासमोर धरला. "बघ गं, लोक काय काय विकतात! खोटा डोळा!" त्यांना गंमत वाटत होती. माझा घास हातातच राहिला. चहाचा रंग, मधाळ कडं, खाली तपकिरी ठिपका.

विक्रेत्याचं नाव होतं 'जुनाखजिना'. खाली वर्णन: 'राजघराण्यातील स्त्रीचा काचेचा डोळा. शंभर वर्षं जुना. परदेशी कारागिरी. अतिदुर्मीळ.' आणि किंमत अशी की तेवढ्यात दादांनी चार डोळे करून दिले असते, तेही जिवंत माणसांना लागणारे. पाठवण्याचा खर्च वेगळा. म्हणजे डोळा खोलीवरच राहिला होता. भंगारवाल्याकडून किलोवर घेतलेल्या सामानात एखाद्या डबीत हा मिळाला असणार, दुसरं काय?

मी आधी ठरवलं, सांगायचं नाही. दृष्टीआड सृष्टी. पण दुसऱ्या दिवशी दादांना ड्रायव्हरची समजूत घालताना ऐकलं आणि माझ्याच्यानं राहवलं नाही.

फोन घेऊन ते खिडकीशी गेले. चित्र मोठं केलं, लहान केलं. मग फोन टेबलावर पालथा ठेवला. "हा माझा," ते म्हणाले. "शेवटचा. न बघता काढलेला." फोन पुन्हा उचलून म्हणाले, "पण मग हा पेटीत पडून होता, की घालत होती? फोटोत समोरचीच बाजू दाखवलीय. हातात आल्याशिवाय सांगता येणार नाही. वापरलेला डोळा कळतो."

"आपण घेऊ," मी म्हटलं. "पण माझं ऐका. गरज दाखवायची नाही. असल्या लोकांना गरजवंताचा वास दोन कोसांवरून येतो. नुसतं विचारायचं, किंमत कमी कराल का, बस्स."

त्यांनी मान डोलावली. आणि दुपारी मी जेवायला मागे गेले तेव्हा माझाच फोन घेऊन, एका बोटानं, त्या माणसाला लांबलचक निरोप पाठवला. काय लिहावं? 'महोदय, आपल्या वर्णनात चुका आहेत. हा डोळा काचेचा नसून अॅक्रिलिकचा आहे. शंभर वर्षं जुना नाही. शिरांसाठी लाल रेशीम वापरलं आहे, बुबुळ सहा थरांत रंगवलं आहे. मला ठाऊक आहे कारण तो मीच केला आहे. तो माझ्या दिवंगत बहिणीचा आहे. कृपया वर्णन दुरुस्त करावं, आणि डोळा मला द्यावा. योग्य ती किंमत देईन.'

"अहो दादा!" मी कपाळावर हात मारला. "हे काय केलंत?"

"काचेचा म्हणतो तो," दादा म्हणाले. "लोकांची फसवणूक होईल ना."

वर्णन दुरुस्त झालं. अगदी दुसऱ्याच दिवशी. 'प्रख्यात नेत्रकारागिरानं स्वतःच्या बहिणीसाठी घडवलेला एकमेव डोळा. सहा थरांचं बुबुळ. अस्सल रेशमी शिरा. खुद्द कारागिराची लेखी साक्ष सोबत.' आणि खाली दादांचा निरोप, जसाच्या तसा, 'दिवंगत' या शब्दाखाली रेघ मारून. ठरलेली किंमत काढून टाकली होती. आता लिलाव होता, आणि पहिली बोलीच आधीच्या किमतीच्या दुप्पट.

माझा संताप संताप झाला. मी साइटकडे तक्रार केली. उत्तर आलं: 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' सगळ्यालाच तिथं मोल, फक्त माणसाला नाही. दादा मात्र चिडले नाहीत. त्यांनी पुन्हा पुन्हा तो निरोप वाचला आणि म्हणाले, "आता तरी खरं लिहिलंय त्यानं."

लिलाव सुरू झाला. आम्ही बोली लावली की लगेच 'रत्नपारखी' नावाचा कुणीतरी थोडी वर लावायचा. आम्ही पुन्हा, तो पुन्हा. मी त्याची जुनी नोंद काढून बघितली. या रत्नपारखीनं आजवर फक्त 'जुनाखजिना'च्याच वस्तूंवर बोली लावली होती, आणि विकत म्हणाल तर एक टाचणी घेतलेली नव्हती. माझ्या काउंटरवर रोज असले पराक्रम येतात. हा त्याच विक्रेत्याचा दुसरा हात. डाव्या हातानं विकायचं, उजव्या हातानं भाव चढवायचा.

मी दादांना खुर्चीत बसवून समजावलं. "तुमच्यासमोर कुणीही नाही. रिकाम्या खोलीशी भांडताय तुम्ही. आत्ता थांबा. त्याची वस्तू त्याच्याच गळ्यात पडेल, मग तोच येईल आपल्याकडे, निम्म्या किमतीत देतो म्हणत. मी पाहिलंय हे."

"आणि नाही आला तर?"

"येईल हो."

"मी ताईच्या वेळीही असंच म्हणत होतो," दादा म्हणाले. "येईल म्हणून."

शेवटच्या दिवशी दुपारी ते माझ्या काउंटरमागे, पॅकिंगच्या स्टुलावर येऊन बसले. इस्पितळातून कुणी बाई रिपोर्टांची पाकिटं घेऊन आल्या होत्या. मी एका हातानं त्यांची पाकिटं तोलत होते आणि दुसऱ्या हातानं दादा सांगतील तो आकडा दाबत होते. रत्नपारखीला आमच्या दमाचा बरोबर अंदाज होता. तुटेल एवढं ताणलं नाही, सुटेल एवढं सैलही सोडलं नाही. अगदी शेवटाला तो गप्प बसला आणि डोळा आमचा झाला. दादांनी औषधपाण्यासाठी बाजूला ठेवलेलं होतं नव्हतं ते गेलं. आणि वर 'विशेष पॅकिंग' म्हणून निराळी रक्कम. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. घरी ह्यांना आकडा सांगितला तर ते पहिल्यांदा आपला कंदील कपाटात आत सरकवून आले.

पार्सल माझ्याच काउंटरवर आलं. विशेष पॅकिंग म्हणजे कानातल्याची जुनी डबी आणि वर्तमानपत्राचा बोळा. मी काउंटर बंद केलं आणि ते घेऊन खिडकीशी गेले. दादांनी डबी उघडली. डोळा हातात घेतला नाही, आधी वाटीत कोमट पाणी आणि साबण घेतला, हात धुतले, मग डोळा धुतला. लहान बाळाला धुतात तेवढ्या सावकाश. मऊ कापडानं टिपला आणि भिंगाखाली धरला.

मी खुर्चीमागून वाकून बघत होते.

"वापरलाय," ते म्हणाले. "खूप वापरलाय. समोरची चकाकी पार गेलीय. हे बघ, पुसून पुसून बारीक रेघा आल्यात. पेटीत पडून असं होत नाही. रोज घातलाय."

मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. "बघा! म्हणजे ताईंनी दुसरा केलाच नाही! शेवटपर्यंत तुमचाच घालत होत्या. उगाच जिवाला घोर लावून घेतलात. झालं ना समाधान?"

दादांनी डोळा उलटा केला आणि कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. मग माझा हात ओढून माझा अंगठा तिथं टेकवला. खालची कड खरखरीत होती, दातेरी.

"हे काय?"

"वय झालं की चेहरा आत ओढला जातो," ते म्हणाले. हळू बोलत होते, गिऱ्हाइकाला समजावतात तसंच. "खोबण लहान होते. मग तोच डोळा मोठा पडतो, कड मांसात रुतते. म्हणून तर नवा करायचा. नाहीतर निदान कड घासून पॉलिश करून द्यायची. अर्ध्या तासाचं काम आहे." त्यांनी डोळा उजेडात तिरका धरला. "हे आमच्या हत्यारानं घासलेलं नाही. कुठल्याच कारागिराचं काम नाही हे. ही नखं घासायची कानस आहे. हा चरा जुना, झिजून गुळगुळीत झालाय. हा त्याच्यानंतरचा. हा ताजा. रुतायला लागलं की ती घरी बसून घासायची. कड अशी खरखरीत झाली की आणखी लागायचं. मग पुन्हा घासायची."

"दुखत असेल?" मी विचारलं. प्रश्न मूर्खासारखा होता.

"तुझ्या डोळ्यात कुसळ गेलं तर तू काय करतेस?"

"काढते."

"ती रोज सकाळी घालायची."

ताईंच्या शहरात दोन कारागीर होते, दादांनी नंतर सांगितलं. त्यांच्या घरापासून चालत जाण्यासारखे. त्या त्यांच्याकडे गेल्या नाहीत. इकडेही आल्या नाहीत. मला ताईंचा राग आला, मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात तरी आला. आणि दादांचा तर त्याहून जास्त. एका बसच्या अंतरावर दोघं बसली होती, एक आपल्या शब्दाला धरून, एक आपल्या हट्टाला धरून, आणि मधल्या मध्ये त्या बाईच्या पापणीखाली इतकी वर्षं जखम वाहत होती. भावाचा डोळा काढून दुसऱ्याचा बसवणं तिच्याच्यानं झालं नाही. 'टोचतोय रे' म्हणणंही झालं नाही.

"फेकून दिला असता तर बरं झालं असतं," दादा म्हणाले.

त्यांनी स्वतःचे डोळे पुसले, चष्मा पुन्हा लावला आणि पॉलिशच्या चाकाचं बटण दाबलं. मला कळेपर्यंत त्यांनी बारीक कानस घेऊन कडेला लावलीसुद्धा होती.

"दादा, अहो थांबा!" मी त्यांचा हात धरला. "ते चरे ताईंच्या हातचे आहेत. तेवढंच उरलंय त्यांचं. ते घालवून काय मिळणार तुम्हाला? आता हा घालणार आहे का कुणी?"

"तेच चरे लागत होते तिला," त्यांनी माझा हात बाजूला केला.

मी तिथंच उभी राहिले. बोळातून ड्रायव्हरचा आवाज आला, त्याला आजची वेळ दिली होती. मी दारातूनच त्याला उद्या या म्हणून सांगितलं. दादांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी कड घासली, बोटानं चाचपली, पुन्हा घासली. जाड कापडाच्या चाकावर धरली, मग मऊ चाकावर. मध्ये मध्ये पाण्यात बुडवून गार करत होते. घासून निघालेला पांढरा भुगा त्यांच्या बाहीवर बसत होता. समोरची खुर्ची रिकामी होती, आणि तरी काम करता करता ते एकदा मान वर करून तिच्याकडे बघायचे, पुन्हा खाली बघायचे, गिऱ्हाईक बसलेलं असताना करतात तसंच. मी त्या खुर्चीच्या मागे उभी होते, ती बाजूला झाले.

चाक थांबलं. त्यांनी डोळा धुतला, टिपला आणि माझ्यापुढे धरला.

"बघ गं, कुठं बोचतंय का?"

मी कडेवरून अंगठा फिरवला. कुठंच काही लागलं नाही.

"नाही बोचत, दादा."

"नीट बघ," ते म्हणाले. "ती सांगणार नाही."